गाळलेली जागा

"दोन सेकंद," काटेसाहेब फोनवर म्हणाले. "प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंद नुसता ठणठणाट. मधला माल कुणीतरी काढलाय."

"बाबा, कुणी काही काढत नाही," पलीकडून मुलगी म्हणाली. ती ऑफिसात होती आणि हळू बोलत होती. "सीडी कॉपी करताना कॉम्प्युटर दोन गाण्यांच्या मध्ये थोडी शांतता घालतो. तशी सवयच असते त्याला."

"घालतो?"

"हो, घालतो."

"फुकट?"

"बाबा, प्लीज..."

"अगं, उभा जन्म बाजार तपासण्यात गेला माझा. फुकट कुणी काही घालत नाही. घालतात ते काढलेल्याची जागा भरायला घालतात. दुधात पाणी कशाला घालतात? दुधाला तहान लागते म्हणून?"

मुलीने संध्याकाळी बोलते म्हणून फोन ठेवला. काटेसाहेबांनी तो ठेवण्याचा आवाजही नीट ऐकून घेतला.

काटेसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बाजाराने ठेवलेलं नाव बाजारातून गल्लीत आलं, गल्लीतून घरात शिरलं आणि निवृत्तीनंतरही निघेना. 'मापात पाप' ही इतरांसाठी म्हण असेल, काटेसाहेबांना तो रोजचा अहवाल होता. दुकानदाराने हसून स्वागत केलं की ते आधी त्याच्या काट्याच्या तळाशी बोट घालून बघत. मुलगी जन्मली तेव्हा नर्सने वजन सांगितलं, तर या गृहस्थांनी बाळाकडे बघण्याआधी दवाखान्याचा काटा तपासला. काटा बरोबर निघाला. त्याचं त्यांना अजून थोडं वाईट वाटतं.

टाळीच्या बाबतीतही त्यांचा नियम होता. माल मोजून पदरात पडल्याशिवाय पावती नाही, तशी कार्यक्रम संपून सभागृहाचे दिवे लागल्याशिवाय टाळी नाही. नातीच्या शाळेच्या कार्यक्रमात सगळे पालक टाळ्या पिटत असताना हे हाताची घडी घालून छताच्या दिव्यांकडे बघत बसले होते. नात अजून ते विसरलेली नाही.

आताच्या भानगडीला सुरुवात झाली तीही नातीपासूनच. गेल्या आठवड्यात तिने फोनवर सहज विचारलं, "आजी, तू लहानपणापासून अशीच बोलतेस?"

आजी तशी बोलायला लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज तेल न घातलेल्या बिजागरीसारखा झाला. ती तो गरजेपुरताच वापरायची. त्याआधी ती गायची. गल्लीतल्या गाण्याच्या वर्गातली सर्वांत जुनी विद्यार्थिनी होती ती. वर्गाच्या बाईंची एक तऱ्हा होती. दोन गाण्यांच्या मध्ये थांबायचं नाही. गाणारीने घोटभर पाणी प्यावं, घसा साफ करावा, पण तेवढ्या वेळात व्हायोलिनने तिचा शेवटचा सूर धरून ठेवायचा, आणि तिने परत येऊन त्याच सुरावरून पुढचं गाणं उचलायचं. "सूर जमिनीवर ठेवायचा नाही, मळतो," बाई म्हणायच्या. बाई गेल्या, वर्ग बंद पडला, त्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं. मागे उरली एका कार्यक्रमाची एक सीडी, आणि ती होती व्हायोलिनवाल्यांकडे.

नातीचा फोन ठेवल्यावर काटेसाहेबांच्या पत्नीने व्हायोलिनवाल्यांचं घर गाठलं आणि ती सीडी मागून आणली. हे काटेसाहेबांना दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे ती सांगायला विसरली, असं ती म्हणाली. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

"त्यांच्याकडे कशी राहिली सीडी?" त्यांनी विचारलं होतं.

"त्यांनीच टेपवरून करून घेतली होती."

"एकच?"

"एकच."

"आणि इतकी वर्षं जपून ठेवली."

"माणसं ठेवतात जपून," ती म्हणाली. "आपण नाही का रॉकेलची मापं जपून ठेवलीत माळ्यावर? रॉकेल नाही, गिऱ्हाईक नाही."

मापांची गोष्ट वेगळी होती. मापं कुणाला 'ताई' म्हणत नव्हती. व्हायोलिनवाले त्यांच्या पत्नीला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत, आणि अनुभवी माणसाला यातच काय ते कळतं. जो दुकानदार येताजाता देवाची शपथ घेतो त्याचा काटा आधी तपासावा.

मूळ सीडीवर इतके ओरखडे होते की घरातला प्लेअर ती तोंडात घ्यायचा, दोनदा गरगरवायचा आणि थुंकून टाकायचा. जावयाने दिलेला जुना कॉम्प्युटर मात्र ती कशीबशी वाचायचा, तीही तुकड्यातुकड्याने. एक गाणं संपलं की खाडकन पुढच्यावर उडी. म्हणून नक्कल करायचं ठरलं. शुक्रवारी व्हायोलिनवाले मूळ सीडी घ्यायला येणार होते, कारण शनिवारी ते घर सोडून मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. काटेसाहेबांनी चष्मा पुसला आणि ते कॉम्प्युटरसमोर बसले. कॉम्प्युटर प्रश्न विचारत गेला आणि ते विचारपूर्वक उत्तरं देत गेले. तपासणी अशी उलट्या बाजूने होण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

नक्कल प्लेअरवर लावली. पत्नी भाजी निवडायची थांबली. पहिलं गाणं झालं. दोन सेकंद शांतता. दुसरं झालं. परत शांतता. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"आवाज तर तुझाच आहे."

"आवाज माझा आहे. गाणं माझं नाही. मी मध्ये थांबले नव्हते. कुणी दर गाण्यानंतर माझा गळा दाबल्यासारखं वाटतंय." मग जरा वेळाने, "आणि तो तर आता दाबायलाही उरला नाही."

ती परत भाजी निवडायला लागली. काटेसाहेबांना तिच्या पाठीकडे बघवेना, म्हणून त्यांनी तपास हाती घेतला.

तपासात जे निघालं ते भयंकर होतं. कॉम्प्युटर मूळ सीडीची एकूण लांबी दाखवत होता, नकलेचीही. नक्कल आखूड भरत होती. दर जोडाला दोन सेकंद शांतता घालूनही आखूड! मुलगी म्हणत होती घातलंय, हे म्हणत होते काढलंय. खरं म्हणजे दोन्ही झालं होतं. आधी दूध काढलं होतं आणि मग पाणी घातलं होतं. इतक्या वर्षांत इतकी पद्धतशीर भेसळ त्यांनी पाहिली नव्हती. क्षणभर त्यांना आदरच वाटला.

आता आरोपी. कोरी सीडी विकणारा दुकानदार होता, पण त्याला यांच्या पत्नीच्या गाण्यात काय रस? जावई होता. जावई चालता कॉम्प्युटर सासऱ्याला देतो, म्हणजे त्यातलं काहीतरी काढून ठेवलेलं असणारच. पण बोट राहून राहून वळत होतं ते व्हायोलिनवाल्यांकडे. कारण तिसऱ्या गाण्याच्या अगदी सुरुवातीला, शब्द सुरू होण्याआधी, पत्नीचं हसू होतं. पूर्ण नव्हे, हसण्याचं शेपूट. डोकं कापलेलं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी ती गंभीर, तिसऱ्याच्या सुरुवातीला हसत संपलेली. मधल्या गाळलेल्या जागेत कोण होतं? व्हायोलिनवाला होता. त्या वर्गाच्या नियमाप्रमाणे तिथे दुसरं कुणी असूच शकत नव्हतं.

"तू का हसलीस?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"कधी?"

"तिसऱ्याच्या आधी."

पत्नीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, काटेसाहेबांच्या नोंदीप्रमाणे अत्यंत संशयास्पद. "ते होय," ती म्हणाली.

"काय ते?"

"सलग करा, मग कळेल."

"म्हणजे तुला आठवतंय."

"मला सगळंच आठवतं हो," ती म्हणाली. "गाता येत नाही एवढंच."

शुक्रवारी दुपारी व्हायोलिनवाले आले. काटेसाहेबांनी दार उघडलं. समोर एक वाकलेला, स्वच्छ दाढी केलेला म्हातारा उभा होता, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला. इतक्या वर्षांत यांनी मनात जो माणूस पोसला होता तो बराच उंच होता.

"या. बसा. मला जरा विचारायचं होतं," काटेसाहेब आवाज खाली आणून म्हणाले. पत्नी आत चहा टाकत होती.

"हो हो, फार उकडतंय," व्हायोलिनवाले म्हणाले.

काटेसाहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. बनाव? "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"नाही नाही, साखर चालते."

माणूस खरंच बहिरा होता. काटेसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये," ते त्यांच्या कानाशी म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्या! आणि! तिसऱ्या! गाण्याच्या मध्ये!"

"हां. काय त्याचं?"

"ही हसली! का?"

"कोण फसली?"

"हसली! हसली! माझी बायको! तुमच्याकडे बघून हसली का?"

आत कपबशीचा आवाज थांबला. शेजारच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तेही थांबलं. गुप्त चौकशी म्हणून सुरू केलेलं प्रकरण आता गल्लीत शेवटच्या घरापर्यंत पोचलं होतं. काटेसाहेबांचे कान तापले.

व्हायोलिनवाल्यांनी मात्र प्रश्न शांतपणे, एखादी जुनी वस्तू हातात घेऊन बघावी तसा बघितला. "छे हो," ते म्हणाले. "माझ्याकडे कोण बघतंय? मी सूर धरून उभा होतो. ताई येईपर्यंत धरायचा, एवढंच माझं काम. त्या दिवशी मेला संपेचना. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"मुलाकडे? हो, उद्या सकाळची गाडी आहे."

पत्नी चहा घेऊन बाहेर आली. तिने दोघांच्या हातात कप दिले आणि स्वतःचा घेऊन समोर बसली. तिचे खांदे हलत होते. "तपास झाला का?" तिने विचारलं.

"चालू आहे," काटेसाहेब म्हणाले आणि मुलीला फोन लावला. या वेळी ती सुटी घेऊन घरी होती, त्यामुळे तिला पळता आलं नाही.

"बाबा, एक सांगा. गाणी आत घेताना कॉम्प्युटरने तुम्हाला काही विचारलं होतं?"

"बरंच विचारलं. फार चौकस आहे."

"गाण्यांच्या मधल्या जागेबद्दल?"

"हो. दोन गाण्यांच्या मधली रिकामी जागा वगळू का, असं विचारलं."

"आणि तुम्ही?"

"वगळ म्हटलं," काटेसाहेब ताठ होत म्हणाले. "मोठं खोकं आणि आत मूठभर माल, ही जुनी लबाडी आहे. रिकाम्या जागेचे पैसे गिऱ्हाईकाने का..."

ते थांबले.

"बाबा," ती फार मऊ आवाजात म्हणाली. त्या मऊपणाचाच त्यांना जास्त राग आला. "ती जागा रिकामी नव्हती. सीडी करणाऱ्याने तिथे खूण केली असेल, एवढंच. वाजत होतं तिथे. तुम्ही काढून टाकलंत."

"काखेत कळसा," पत्नी कपात बघत म्हणाली. पुढचं तिने म्हटलं नाही. आवाज वाचवला.

काटेसाहेबांनी आयुष्यात अनेकांना रंगेहाथ पकडलं होतं. पकडलेल्या माणसाचे हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे लोंबतात, हे त्यांना माहीत होतं. आता त्यांना ते आतून कळलं.

मुलगी सांगत गेली तसं ते करत गेले. काहीही वगळायचं नाही. गाणी सुटी सुटी लिहायची नाहीत, सगळी सीडी एका दमात लिहायची, मध्ये कुठेही न थांबता. आपणहून घातली जाणारी शांतता शून्यावर आणायची. "आणि ते चालू असताना कशाला हात लावू नका," मुलगी म्हणाली. "काय चाललंय ते उघडून बघायचं नाही."

"तेवढा वेळ मी काय करू?"

"विश्वास ठेवा," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

कॉम्प्युटर घुमायला लागला. तिघं जण त्याच्याकडे बघत बसले. काटेसाहेबांनी हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. व्हायोलिनवाल्यांनी मध्येच "झालं?" असं विचारलं आणि पत्नीने मानेनेच नाही म्हटलं. काटेसाहेबांना त्या नाही म्हणण्यातही काही दिसतं का ते बघायची सवय होती. पाहिलं. काही दिसलं नाही.

सीडीचा खण बाहेर आला. त्यांनी दोन्ही लांब्या ताडून पाहिल्या. मूळ आणि नक्कल, काटा बरोबर मध्यावर.

नवी सीडी प्लेअरमध्ये घातली. व्हायोलिनवाले उठले, खुर्ची ओढत स्पीकरपाशी नेली आणि त्याच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून बसले. पहिलं गाणं सुरू झालं. ते संपलं, पण काहीच थांबलं नाही. तिच्या आवाजाखालून व्हायोलिनचा सूर वर आला, तिची जागा धरून उभा राहिला, लांब कुठेतरी पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती परत आली. दुसरं गाणं. काटेसाहेबांच्या लक्षात आलं की आपण श्वास धरलाय.

दुसरं गाणं संपलं. सूर उभा राहिला. व्हायोलिनवाल्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. "इथं," ते म्हणाले.

आणि टाळ्या आल्या. पुष्कळ नव्हे. एकाच माणसाच्या. जाड, कोरड्या, ठाम, शिक्का मारल्यासारख्या. एक, दोन, तीन. चौथी अर्धवट, चोरी कळल्यासारखी हवेतच विरली. बाकी सगळं सभागृह चिडीचूप.

"हा कोण गाढव?" काटेसाहेब म्हणाले.

स्पीकरमधून त्यांची पत्नी हसली. पूर्ण हसली, डोक्यापासून शेपटापर्यंत, आणि हसण्याच्या मधेच माइकपासून तोंड बाजूला नेऊन, फक्त एकाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "अहो, अजून आहे."

तो 'अहो' काटेसाहेब रोज ऐकत होते. आता तो खरखरीत होता, दारामागून, गॅसजवळून, औषधाची वेळ झाली म्हणून येणारा. हा नितळ होता. पण वळण तेच. जगात एकाच माणसासाठी घेतलेलं.

मग त्यांना पहिली रांग आठवली. त्या दिवशी ते बाजारातून थेट आले होते, मांडीवर वजनांची पेटी होती. गाणं ते ऐकतच नव्हते. त्यांचे डोळे व्हायोलिनवाल्याच्या हातावर होते. तिचा आवाज थांबला तेव्हा आजूबाजूचे सगळे ढिम्म बसलेले पाहून त्यांना संताप आला होता. माल पुरा दिला बाईने, आणि एकही पावती देत नाही! म्हणून त्यांनी दिली. पुढचं त्यांनी कुठेतरी गाळून टाकलं होतं. राहिला होता तो फक्त नियम, दिवे लागल्याशिवाय टाळी नाही, आणि तो आपण खात्यातून आणला असंच ते धरून चालले होते.

"मी आपला गज ओढतोय, ओढतोय," व्हायोलिनवाले कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले. "आणि ताईंचं हसू थांबेना."

"खूप दिवस मनात म्हणत होते," पत्नी म्हणाली, "की त्यानंतर तुम्ही कधी आलाच नाहीत गाण्याला."

"कामं होती," काटेसाहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नव्हती."

तिसरं गाणं झालं, सूर धरला गेला, चौथं आलं. शेजारच्या गॅलरीतलं माणूसही कपडे न झटकता उभं असावं. चौथं गाणं हळूहळू उतरत गेलं, तिचा आवाज त्याच्या शेवटच्या अक्षरावर आला आणि मिटला. व्हायोलिन त्याच्यामागे थोडं राहिलं, मग तेही नाही. प्लेअरवरचा आकडा थांबला.

"संपलं," पत्नी आपल्या आताच्या आवाजात म्हणाली.

काटेसाहेबांचे हात मांडीवरून कधीच वर आले होते. त्यांनी थांबलेल्या आकड्याकडे पाहिलं. मग व्हायोलिनवाल्यांकडे. त्यांचा तळहात अजून स्पीकरवर होता. हात तसेच हवेत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवून काटेसाहेब म्हणाले,

"थांब जरा. अजून असेल."